शांतवन पास्टरांसाठी केलेली प्रार्थना

माझे मिस्टर वारले तेव्हा त्यांना माझ्याबद्दल जे जे माहीत होतं, त्यात ही गोष्ट नव्हती. पोरीला माहीत नाही, बहिणीला नाही. देवळात दर रविवारी आम्ही पापांची कबुली म्हणतो — पण ती सगळे मिळून एका सुरात म्हणतो, त्यात कोणाचं काय ते कळत नाही, सगळ्यांचं एकत्र वाहून जातं. तिथंही मी ही एवढी गोष्ट बाजूला काढून ठेवत आले. आता तुम्हाला सांगायला बसले आहे. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, हे खरं.

आधी आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही वऱ्हाडातले ख्रिस्ती; चर्चला आम्ही देऊळच म्हणतो. आमच्या बिशपच्या हाताखाली जेवढ्या गावच्या मंडळ्या येतात — मंडळी म्हणजे त्या त्या गावातले देवळाचे लोक — त्या सगळ्यांना मिळून धर्मप्रांत म्हणतात. आणि महिन्याच्या प्रत्येक तारखेला एका मंडळीची पाळी असते. त्या दिवशी घरोघरी त्या मंडळीसाठी आणि तिथल्या पाळकासाठी, म्हणजे पास्टरसाठी, नाव घेऊन प्रार्थना करायची. आज अमरावती, उद्या बार्शीटाकळी, परवा चांदूर बाजार, असं. महिना संपला की परत पहिल्यापासून.

माझे बाबा बार्शीटाकळीला मास्तर होते. दिवाबत्ती झाली की ओट्यावरूनच ओरडायचे, "आज कोणाची पाळी व?" आणि आम्ही बहिणी धावत सांगायचो. मला लहानपणी वाटायचं, ज्या गावची पाळी चुकली त्या गावावर काहीतरी येतं. एकदा मामाच्या लग्नाच्या गडबडीत एक मंडळी राहून गेली, तर मी दुसऱ्या दिवशी जेवले नाही, रडत बसले. बाबा म्हणाले, "अवो, देव काय तुह्या भरवशावर बसला हाये?" पण मला ते पटलं नव्हतं. तेव्हापासूनच मला वाटत आलं की माझ्या प्रार्थनेला वजन आहे. आता हसू येतं. म्हणजे, हसू नाही येत.

लग्न होऊन मी अकोल्याला जठारपेठेत आले. शिलाई करायची. ब्लाउज, शाळेचे ड्रेस, आणि पाळकांचे पांढरे झगे — उपासनेच्या वेळी अंगावर घालतात ते. आमच्या धर्मप्रांतातल्या बहुतेक पाळकांची छाती-कंबर माझ्या हाताखालून गेली. आणि दुसरं माझं नाव झालं ते प्रार्थनेमुळं. आमच्यात मोठ्यानं, पुस्तकात न बघता मनची प्रार्थना करायची पद्धत आहे. कोणाला ती जमते, कोणाला नाही. मला जमायची. घरी आम्ही साधं वऱ्हाडी बोलतो, पण डोळे मिटले की माझ्या तोंडातून असं शुद्ध, भरदार मराठी यायचं की बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. कोणाकडं आजारपण आलं, मयत झाली, नवं घर झालं — "मनोरमाताईले बोलवा." मला ते आवडायचं. फार आवडायचं. आता हे तरी का लपवू?

शांतवन पास्टर चांदूर बाजारच्या मंडळीचे पाळक होते. माझ्यापेक्षा बरेच लहान. त्यांची प्रार्थना माझ्या अगदी उलट — "देवा, या घरले पाह्य. आमाले काही समजून नाही राह्यलं. तू पाह्य." संपलं. एवढीच. मी मनात म्हणायची, हा काय पाळक, याला दोन वाक्यं जोडता येत नाहीत.

ती वर्षं तुम्हाला आठवत असतील. आमच्या भागात गावागावांतून माणसं औषध पिऊन जात होती. शांतवन पास्टर त्यांच्या जुन्या लुनावर बसून अशा घरी जायचे. घर ख्रिस्ती आहे की नाही हे बघायचे नाहीत. आधी लोक बिचकले — मयतीच्या घरी पाद्री कशाला? मग लोकच बोलवायला लागले. ते जाऊन ओसरीत बसायचे. बोलायचे थोडं, बसायचे पुष्कळ. एका घरून उठले की दुसऱ्या घरचा निरोप. अशी दोन-तीन वर्षं गेली.

आणि मग एके दिवशी त्यांची बायको एस्तेर माझ्याकडं झगा घेऊन आली.

"ताई, हा आत घ्या जरा. त्यायच्या अंगात राह्यलंच काय आता?"

मी झगा मशीनवर पसरला, टाचण्या लावायला घेतल्या. ती बसली होती खाली, चटईवर. मी काही विचारलं नाही, हे मात्र सांगते. तिनं आपणहून सांगितलं. सांगताना माझ्याकडं नाही, टाचण्यांच्या डबीकडं बघत होती.

"त्यायले प्रार्थना होत नाही ताई. देवळात पुस्तकातली वाचतेत, तेवढीच. घरी डोळे मिटतेत न् गप बसतेत. मी पुसलं, तर म्हणतेत — तिकडून काहीच येत नाही वो, मी एकटाच बोलून राह्यलो." मग म्हणाली, "तुमची प्रार्थना देव ऐकते. तुमी त्यायच्यासाठी करा. एकट्यानं करा ताई. कोणाले सांगू नका. त्यायले समजलं का मी सांगतलं, तर ते माह्याशी बी बोलणं सोडून देतीन."

मी तिचा हात धरला, हो म्हटलं. झगा दोन्ही बाजूंनी आत घेतला, जास्तीचं कापड कापलं नाही, आत दुमडून ठेवलं. उद्या अंग धरलं तर परत सोडता येईल, असं म्हणाले तिला. ती हसली. त्या संध्याकाळी मी खरंच एकटीनं प्रार्थना केली त्यांच्यासाठी. एकदाच.

मग हंगामाची उपकारस्तुती आली. दरवर्षी या सणाला सगळ्या मंडळ्या अकोल्यात जमतात, शेतातलं पहिलं पीक देवळात आणतात आणि नंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी वेदीपुढं फार काही नव्हतं — थोडी तूर, कोहळे, कोणीतरी एक कोंबडा आणून बांधला होता. बिशप आले होते. सगळे पाळक पुढच्या बाकांवर झगे घालून बसले होते. आणि पाळकांसाठी आणि मंडळ्यांसाठी प्रार्थना करायला मला उभं केलं होतं. एकेका गावाचं नाव घ्यायचं, एकेका पाळकाचं नाव घ्यायचं, आणि दोन-दोन वाक्यं बोलायची.

मी सुरू केलं. आणि तिसऱ्या-चौथ्या गावालाच मला कळलं की आज रंगत नाहीये. तुम्ही कधी चार लोकांपुढं गायला-बोलला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, ते समजतं. मागून खोकल्याचे आवाज येत होते. कोंबडा फडफडत होता. माझे तेच शब्द, तीच वाक्यं. बिशप समोर बसलेले. आणि पुढचं नाव आलं — चांदूर बाजार.

काय बोलले ते शब्दन् शब्द आठवतं. "हे कृपाळू पित्या, चांदूर बाजारच्या मंडळीसाठी आणि तुझा सेवक शांतवन याच्यासाठी आम्ही तुझ्या चरणी येतो. ज्या मुखानं इतरांसाठी विनवणी केली ते मुख आज मुकं झालं आहे. तुझा सेवक प्रार्थना हरवून बसला आहे, प्रभू. तो तुझ्या वेदीपाशी रिकाम्या अंतःकरणानं उभा राहतो. त्याला परत हाक मार."

खोकला थांबला. देऊळ असं गप झालं की बाहेरची रिक्षा ऐकू आली. मग एक बाई रडली, मग दुसरी. मी शेवट केला आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं. प्रार्थनेत कोणी कोणाला अडवत नाही हो. कोणी उठून म्हणत नाही, बाई, हे काय बोलता? डोळे मिटलेले असतात, बोललेलं देवाला बोललेलं असतं, आणि शेवटी आमेन म्हणावंच लागतं. पुढच्या बाकावरून एक आमेन सगळ्यांच्या नंतर आलं, उशिरा. तो आवाज मी ओळखला.

तोंडातून निसटलं, असं म्हणू? नाही निसटलं. ते नाव यायच्या आधी एक श्वास घेतला होता मी. त्या श्वासात मला एस्तेरचं तोंड दिसलं होतं.

बाहेर चहाच्या वेळी बिशपांनी माझे हात हातात घेतले. बाया माझ्याकडं बघत होत्या ते वेगळंच बघत होत्या. एस्तेर दूर नळाशी उभी होती. ती आली नाही, मी गेले नाही.

आठवड्याभरात धर्मप्रांताची कमिटी बसली. शांतवन पास्टरांना विचारलं, मनोरमाबाईंनी जे प्रार्थनेत म्हटलं ते खरं आहे का? ते म्हणाले, "हो, खरं हाये." एवढंच. खोटं बोलता आलं असतं त्यांना. मग मला बोलावलं. तुम्हाला हे कुणी सांगितलं? — साधा प्रश्न होता. मी म्हटलं असतं, त्यांच्या बायकोनं काळजीनं सांगितलं, तर काय झालं असतं? दमलेल्या माणसाची घरची गोष्ट बाहेर आली, मनोरमाबाईंचं तोंड वाजलं, असं म्हणून चार शिव्या मला बसल्या असत्या. त्यांना महिनाभर सुट्टी देऊन परत पाठवलं असतं. पण मी म्हणाले, "कोणीच नाही सांगितलं. उभी होते, आणि मला ते दिलं गेलं."

दिलं गेलं. आमच्यात याचा अर्थ एकच होतो. देवानं दिलं.

मी हे एस्तेरला वाचवायला म्हटलं, असं बरेच दिवस मी स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. मला ठाऊक होतं की एस्तेर मला खोटं पाडणार नाही. पाडायला गेली तर नवऱ्याला कळेल की तिनंच सांगितलं होतं. तिच्या त्या भीतीच्या आड मी उभी राहिले. आणि कमिटीपुढं आता बाईचं बोलणं राहिलं नव्हतं, देवाचं झालं होतं. देवानं ज्याच्याकडं बोट दाखवलं त्याला वेदीपाशी कसं उभं करायचं? त्यांना विश्रांती दिली. विश्रांती म्हणजे घर सोडा, मंडळी सोडा, झगा उतरवा.

चांदूर बाजारहून जीप भरून माणसं आली होती तेव्हा, बिशपांना भेटायला. त्यात आपले थोडे, बाकी सगळे गावचे. संत्र्याचे एक व्यापारी होते, सलीमभाई बागवान. ते बोलले. त्या दिवशी बिशपांकडं चहापाणी माझ्याकडं होतं, मी ट्रे घेऊन दारात होते.

"साहेब, आमाले त्यायची प्रार्थना काय समजते? होते का नाही होत, ते तुमी पाहा. आमची अम्मी गेली तं ते आले, दिवसभर बसले, चाय बी नाही मांगतला. आमाले तेवढंच पाह्यजे. तो माणूस आमाले वापस द्या."

बिशप म्हणाले, आमचाही नाइलाज आहे. सलीमभाईंनी चहा घेतला नाही. मी ट्रे तसाच आत नेला.

हे झालं. पण अजून मी ते सांगितलेलंच नाही — ज्याच्यासाठी बसले आहे ते. तुम्हाला वाटलं असेल, झालं, यापेक्षा काय असणार? मलाही कधी कधी तसं वाटतं की इथंच थांबावं. इथवर सांगितलं तरी पुष्कळ आहे. एस्तेर झगा परत देऊन गेली, "हा तुमच्याकडंच राहू द्या" म्हणाली, वर बघितलं नाही. नवे पाळक आले ते अंगानं भरलेले. त्यांच्यासाठी मी तोच झगा घेतला, आत दुमडलेलं कापड सोडलं, टाके घातले, इस्त्री केली. इथं थांबले तरी तुम्ही मला बरं म्हणणार नाही. पण थांबत नाही.

ते दोघं परतवाड्याला एस्तेरच्या भावाकडं जायला निघाले, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. दुपारची वेळ. मी मशीनवर होते. ओट्यावर शांतवन पास्टर उभे. मला वाटलं आता माझी धडगत नाही. मी उठले, खुर्ची दिली, पाणी दिलं. ते बसले. शर्ट खांद्यावर अडकवल्यासारखा दिसत होता. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला.

"ताई, राग नाही माह्या मनात. एकच पुसाले आलो. देवानं तुमाले खरंच सांगतलं का? म्हंजे — आवाज आला का काही?"

मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यात टोमणा नव्हता. ते खरोखर विचारत होते, दवाखान्यात रिपोर्टबद्दल विचारावं तसं. त्या माणसाचं सगळं गेलं होतं आणि आता एवढंच जाणून घ्यायचं होतं. आत स्वयंपाकघरात मिस्टरांचा रेडिओ लागला होता. दुसरं कोणी ऐकत नव्हतं. त्यांना खरं सांगितलं असतं तर ते कमिटीकडं गेले नसते, हे मला तेव्हाही कळत होतं. माझं काही जात नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "आला."

त्यांनी मान हलवली. 

"बरं झालं," म्हणाले. "म्हंजे तो हाये. बोलते बी. माह्याशीच बोलत नाही फक्त."

आणि उठले. चप्पल घातली, मला नमस्कार केला आणि गेले. मी मशीनवर बसले आणि हातातली बाही पुरी केली.

परतवाड्याला ते मेव्हण्याच्या किराणा दुकानात बसायचे. देवळात परत आले नाहीत कधी. बोलणंही फार सोडलं होतं म्हणे. काही वर्षांनी कावीळ झाली, दवाखान्यात जायला तयारच झाले नाहीत, आणि गेले. माती द्यायला इकडचे बरेच लोक गेले. सलीमभाई आले होते, गावचे कितीतरी होते. आणि तिथल्या पाळकांनी मला सांगितलं, मनोरमाताई, प्रार्थना करा. मी नाही म्हणाले नाही. केली. लोक रडले. मधेच मी डोळे उघडले — का, देव जाणे — तर सगळ्यांचे मिटलेले, आणि एस्तेर माझ्याकडं बघत होती. मी डोळे मिटले आणि पुढचं वाक्य बोलले.

आता ऐका. मला आवाज कधीच आलेला नाही. त्या दिवशी नाही, त्याच्या आधी नाही, नंतर नाही. बार्शीटाकळीला बाबांच्या शेजारी हात जोडून बसायची तेव्हापासून आजपर्यंत एकदाही नाही. तिकडून काहीच येत नाही. शब्द येतात ते माझेच असतात, आणि मी ते बोलत राहते, म्हणून मला ती शांतता कधी ऐकू आली नाही. त्यांना ती ऐकू आली, कारण ते थांबून ऐकत होते. तेव्हा त्या दुपारी ओट्यावर मी एवढंच म्हणायला हवं होतं — नाही पास्टर, मलाही कधी काही ऐकू आलं नाही. एवढं म्हटलं असतं तर तिथं आम्ही दोघं असतो. सबंध धर्मप्रांतात त्यांना ते सांगू शकेल असं कोणी असेल तर ती मी होते. मी हो म्हटलं, आणि त्यांना एकट्याला पाठवलं.

आमच्यात असं मन मोकळं केलं की शेवटी म्हणतात, माझ्यासाठी प्रार्थना करा. मी ते म्हणत नाही.

उद्या चांदूर बाजारची पाळी आहे. देवळातल्या महिला संगतीच्या बाया संध्याकाळी माझ्याकडं जमतील. प्रार्थना मलाच करायला सांगतील, आणि ती चांगली होईल.